बाई मुराळी

खानदेशात दोन अनोळखी बाया एसटीत शेजारी बसल्या की नाव विचारायच्या आधी माहेर विचारतात. "तुनं माहेर कोनतं वं?" माहेर कळलं की कुणाची आत्तेबहीण कुणाच्या गावात दिली, कुणाच्या दिराची सोयरीक कुठे मोडली, असं उकरत उकरत शहादा यायच्या आत दोघींचं काहीतरी नातं निघतंच. सरलाबाई तर या कामात मुरलेली. तिला शहाद्यापर्यंत जायची गरज पडत नसे. नंदुरबारच्या स्टँडातून गाडी बाहेर पडेपर्यंत शेजारची बाई तिची मावसबहीण झालेली असायची.

सरलाबाई पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. माहेर तापीकाठचं आमोडी. नवरा शिवाजीराव एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन नंदुरबारच्या घरी बसलेले. बचत गटांच्या कामामुळे पंचवीस-तीस गावांत सरलाबाईचा पाय पडला होता, आणि ज्या गावात तो पडला तिथे तिला चहा प्यायल्याशिवाय कुणी उठू देत नसे. म्हणूनच पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास जिल्ह्यात आला तेव्हा लोकांनी तिचंच नाव सुचवलं.

अभ्यास होता नवरा बायकोला करतो त्या मारहाणीचा. तो चालवणारी रुचिका मॅडम तिशीतली, सडपातळ, पीएचडी करणारी. अहिराणीचा एक शब्द येत नसे, पण समोरचं बोलणं मान खाली घालून नीट ऐकायची, आणि ऐकलेलं विसरायची नाही. गावात मात्र अभ्यासाचं खरं नाव घ्यायचं नव्हतं. गावात सांगायचं, महिलांचं आरोग्य.

नंदुरबारला एका मंगल कार्यालयात ट्रेनिंग झालं. मॅडमने नियम शिकवले. बाई एकटी असेल तरच विचारायचं. मध्येच कुणी आलं तर प्रश्न असलेल्या टॅबवर एक बोट लावायचं, म्हणजे दुसरेच प्रश्न समोर येतात: पाणी कुठून आणता, चूल आहे की गॅस, गुडघे दुखतात का. ओळखीची, नात्यातली बाई निघाली तर ते घर दुसरीकडे सोपवायचं. आणि जे ऐकलं ते त्या घराच्या पायरीखाली उतरू द्यायचं नाही.

"का माहीत आहे का?" मॅडमने विचारलं होतं. "कारण आपण संध्याकाळी घरी जातो. ती तिथेच राहते."

हे सरलाबाईला पटलं. मग सरावासाठी एकमेकींना प्रश्न विचारायला लावले. सोनम नावाची नवीन लागलेली पोरगी सरलाबाईसमोर बसली आणि लाजत लाजत विचारू लागली. नवऱ्याने कधी थोबाडीत मारली? नाही. ढकललं? नाही. सरलाबाईने धडाधड नाही नाही सांगून टाकलं. रिक्षाने घरी जाताना तिला आठवलं, की लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत शिवाजीरावांचा हात उठायचा. भाजी खारट झाली म्हणून, सासूने काही सांगितलं म्हणून. ती खोटं बोलली नव्हती. त्याला मार म्हणतात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी शिवाजीरावांनी हौसेने चहा करून ठेवला होता. फार गोड झालाय म्हणून तिने तो तसाच ठेवला आणि ते बिचारे संध्याकाळभर साखरेच्या डब्याकडे पाहत राहिले.

काम सुरू झालं ते मिरच्यांच्या दिवसांत. घरोघरच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छपरांवर, स्लॅबवर लाल मिरची वाळत पडलेली. सरलाबाईने लगेच ओळखलं, की गावात बाईला एकटं गाठायची जागा असेल तर हीच. दुपारी मिरचीच्या झारेपायी, तिखट ठसक्यापायी, वर कुणी फिरकत नाही. देठ खुडायला बाई मात्र वर असतेच. सरलाबाई पदर खोचून तिच्याशेजारी बसायची, मूठभर मिरच्या पुढ्यात ओढायची आणि देठ खुडत खुडत विचारायची. डोळ्यांतून पाणी आलं तर ते मिरचीचं. खाली जाताना बाईचे डोळे लाल दिसले तरी कुणी विचारत नसे.

आणि पहिला प्रश्न टॅबमधला नसायचा. तो माहेराचा असायचा. धागा जुळला की बाई मोकळी होई. सरलाबाईच्या गावांत बोलायला नाही म्हणणाऱ्या बाया जवळजवळ नव्हत्याच. मॅडम खूश होती. ते कसं जमतं हे तिने एकदा विचारलं तेव्हा सरलाबाई नुसती हसली. ते हसणं पुढे महागात पडलं.

लोहारटेकला रुपाचं घर आलं. रुपा सत्ताविशीची, उभट चेहऱ्याची, स्लॅबवर मिरच्यांत पाय मुडपून बसलेली. मुलगी रोशनी अंगणवाडीत, सासू नर्मदाबाई भजनाला, नवरा हेमकांत त्याच्या खता-बियाण्यांच्या दुकानावर.

"तुनं माहेर कोनतं वं?"

"आमोडी."

सरलाबाईच्या हातातली मिरची खाली पडली. "आमोडी? कोनी पोर तू?"

"मगन तात्यानी."

मगन सरलाबाईच्या वर्गात होता. चार वर्षांमागे वारला. त्याची बायको मोतीबाई म्हणजे सरलाबाईची गावातली वहिनी, वर्षा-दोन वर्षांनी कधी आमोडीला गेलं की तिच्या हातचं जेवल्याशिवाय सुटका नाही. रुपाला तिने लहानपणी दुरून पाहिली असेल, नसेल. नियमाचं काय? ओळखीची नव्हती. नात्यातली म्हणाल तर रक्ताचं काही नव्हतं. पण आपल्याकडे गावची लेक ती सगळ्या गावची लेक. रुपाने हिशेब सरळ केला. "मंग तू मनी फुई लागस." म्हणजे आत्या.

त्याच घडीला उठून घर सोनमकडे द्यायचं होतं. सरलाबाई उठली नाही. रुपा तिच्याकडे अशी पाहत होती, की उठणं जमलं नाही.

मग रुपा बोलली. आवाज न चढवता, देठ खुडत. हेमकांत गावात गोड माणूस, दुकानात गिऱ्हाइकाला आधी पाणी देणारा. घरात मारायच्या आधी तो टीव्हीचा आवाज वाढवतो. गल्लीला वाटतं म्हातारीला कमी ऐकू येतं. ब्लाउजच्या बाहीखाली झाकलं जाईल तिथेच मारतो. मोबाइल रोज तपासतो. माहेरी फोन लावायचा तर त्याच्यासमोर. एकेका प्रश्नाला "हा" म्हणताना रुपा मिरच्यांचा ढीग या हाताने त्या हाताला करत होती.

शेवटचे काही प्रश्न उरले. त्यातला एक होता, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? सरलाबाईने तोंड उघडलं तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"वर कोन शे वं?" नर्मदाबाई.

टॅबवर बोट पडलं. "पानी नळनं पेतस का बोअरनं?" सरलाबाईने विचारलं. "बोअरनं," रुपाने सांगितलं, आणि नर्मदाबाई जिन्याच्या तोंडाशी असताना फक्त ओठ हलवत एवढंच म्हणाली, "फुई, ललितले सांग. आखाजीले सोता ये म्हना, माले लिसनच जाय. मायले काही सांगू नको. ललितलेच."

ललित तिचा भाऊ. त्याला हे सांगायचं, आणि त्याने स्वतः येऊन तिला घेऊनच जायचं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळी नसली तरी चालेल, आखाजी पाहिजे. माहेरून मुराळी येतो, गावाकडे मुराई म्हणतात, लेकीला घेऊन जातो, मग झोके, गाणी, पुरणपोळी. रुपासाठी दोन वर्षं मुराळी आला नव्हता. आईला सांगू नको असं ती का म्हणाली असेल? मोतीबाईच्या जिवाला घोर नको म्हणून, असं सरलाबाईने मनाशी ठरवून टाकलं आणि पुढे विचार केला नाही.

नर्मदाबाईला आमोडीची आत्या आली हे कळलं तेव्हा ती हरखलीच. सुनेच्या माहेरची बाई रिकाम्या हाताने जाईल कशी? तिने सरलाबाईची ओटी भरली, नारळ दिला, खण दिला. आणि संध्याकाळी मुलाला कौतुकाने सांगितलं असणार, की तुझ्या बायकोची फुई आली होती, दुपारभर वर बसून दोघी बोलत होत्या.

सरलाबाईने दुसऱ्या दिवशी मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. माहेराचं सुद्धा. 

"सरलाताई, ती तुम्हाला आत्या म्हणाली तेव्हाच उठायला हवं होतं."

"व्हय मॅडम."

"तिला मदत करूच. समुपदेशन केंद्र आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिची तयारी असेल तर मी स्वतः येते."

"तिला पोलिस नको, अधिकारी नको. तिला भाऊ हवाय. मी ललितला सांगून येऊ का?"

"तुम्ही गेलात तर हेमकांतला कळेल की सर्वेवाल्या बाईला सांगितलेलं माहेरी पोचतं. त्या गावात आणखी किती जणींनी तुम्हाला सांगितलंय? त्यांच्या नवऱ्यांनाही कळेल. मग त्यांचं काय?"

 मॅडमचं चुकत नव्हतं, त्यामुळे सरलाबाईला राग काढायलाही जागा नव्हती. तिने मुकाट्याने बरं म्हटलं.

चार-पाच दिवसांनी हेमकांत स्वतः घरी आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. गावची लेक दिलेला माणूस म्हणजे गावाचा जावई, आणि सरलाबाई आमोडीची लेक म्हणजे तिचाही जावईच. शिवाजीरावांना तर कोण आनंद. त्यांनी खुर्ची पुसली, तांब्या दिला, पंखा त्याच्याकडे वळवला, आणि सरलाबाईला आत जाऊन शिरा करायला सांगितलं. तिने केला. जे हात रुपाला मारतात त्या हातांत तिने शिऱ्याची ताटली दिली आणि वर तूप वाढलं. करणार काय, जावई होता तो.

"फुई, माय सांगी ऱ्हायनी व्हती, तुम्ही येल व्हतात," हेमकांत म्हणाला. "काय काय इचारं?"

सरलाबाईने दुसऱ्या प्रश्नांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. पाणी, चूल, गॅस, गुडघे, कंबर. तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटत होती, पण आवाज नेहमीसारखा मोठा निघाला.

"इतलंच? दुपारभर?"

"मिरच्या खुडाले लागनूत ना. माहेरन्या गप्पा."

तो हसला. छान हसायचा. "रुपा जरा हळवी शे. घरन्या गोष्टी घरमाच बऱ्या, नई का? पुढला टाइमले माले फोन करज्यात, मी घर ऱ्हासू." उठताना म्हणाला, "नि ललितले सांगी देज्यात, यंदा बी मुराई धाडू नको. घरनं काम काढेल शे."

"सांगूत ना जावाई, त्यामा काय," शिवाजीरावांनी परस्पर कबूल केलं.

तो गेल्यावर सरलाबाई ओट्यावर बसून राहिली. रुपाला काय भोगावं लागलं असेल हे तिला विचारायचीही सोय नव्हती. आणि हे तिच्यामुळे झालं होतं. ज्या माहेराच्या धाग्यावर ती एवढी मिरवत होती, त्याच धाग्याला धरून हा माणूस तिच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. तिला स्वतःची अशी चीड आली की पेढ्यांचा बॉक्स तिने शिवाजीरावांच्या देखत गाईपुढे रिकामा केला. ते "अगं, अगं" करत राहिले.

मग तिच्या डोक्यात आलं. रुपाचा निरोप नेता येत नव्हता. हेमकांतचा नेता येत होता. तो कुठल्या अभ्यासात दिलेला नव्हता, तो तर जावयाने पेढे देऊन दिला होता. ती आमोडीला गेली आणि मोतीबाईच्या पडवीत बसून निरोप सांगितला, शब्दाला शब्द. आणि पुढे आपलं म्हणून जोडलं, "पन ललित, तू जाय. दोन आखाज्या झाल्यात, पोर एकटी पडी गयी."

ललितने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "दाजी नई म्हनतस ते मी कसाले जाऊ? उगा नाराज व्हतीन."

मोतीबाई मध्येच म्हणाली, "जाऊ दे वं सरला. जावाई म्हनना ते बरोबरच व्हई. ती तिना घर सुखी शे."

लेकीसाठी आसुसलेली आई असं चटकन म्हणत नाही. सरलाबाईला ते खुपलं, पण मोतीबाई जावयाला भिते एवढंच तिने त्याचं केलं. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. गिळून ती परत आली.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिने मॅडमला मेसेज केला, की मला कामावरून काढा, मी आजपासून तुमची माणूस नाही. उत्तराची वाट न पाहता गूळ-फुटाण्यांची पिशवी घेऊन रिक्षा केली आणि भर दुपारी लोहारटेकला पोचली. गल्लीत चार घरांसमोर मुराळ्यांच्या मोटरसायकली उभ्या होत्या, पोरी नटून दारात. सरलाबाई रुपाच्या अंगणात उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रुपा, चाल वं. आमोडीनी मुराई उनी."

नर्मदाबाई बाहेर आली. "बाई कधी मुराई व्हस का?"

"गडी माणसं कामले लागेल शेत. मी आनेल गूळ काय कडू लागी का?"

शेजारणी हसल्या. दारात आलेला मुराळी परत लावणं नर्मदाबाईच्या जिवावर आलं. तिने हेमकांतला फोन लावला, स्पीकरवर. दुकानात गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. चार माणसांत तो काय बोलणार? क्षणभर थांबून म्हणाला, "धाड ना माय. तीन दिवसमा मी लेवाले येसू." शब्द गोडच होते.

रिक्षात रोशनी मध्ये बसली. गाव मागे पडल्यावर रुपाने विचारलं, "ललितले सांगं ना तू?"

"नई बाई. तुनी गोष्ट शे, तूच सांग."

रुपा तिच्याकडे पाहत राहिली. "मी कशी सांगू?" ती म्हणाली. "मनाघाई सांगाई गयं असतं ते तुले कसाले म्हनतू?" मग तिने रोशनीला मांडीवर ओढून घेतलं. सरलाबाईला वाटलं होतं आपण तिचं गुपित राखून तिच्यावर उपकार केले. रुपाने ते राखायला दिलंच नव्हतं, पोचवायला दिलं होतं.

आमोडीत लिंबाला झोके बांधलेले होते. ललितची बायको तिच्या माहेरी गेली होती, तिचा मुराळी वेळेवर आला होता. मोतीबाईने पुरणपोळ्या केल्या, लेकीला वाढल्या, पण तिच्या डोळ्याला डोळा देईना. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सरलाबाई पुन्हा तिथे होती. ललित म्हणाला, "रुपा, उद्या दाजी येतस. सामान भरी ठेव."

रुपाने सरलाबाईकडे पाहिलं.

सरलाबाईला ट्रेनिंगमधला पहिला नियम आठवला, बाई एकटी असेल तरच. ती रुपाच्या समोर मांडी घालून बसली. "रुपा, तठे धाबावर इचारं ते सगळं आठे इचारू का? यासना समोर?"

रुपाने मान डोलावली. तरी सरलाबाईने पुन्हा विचारलं. "इचार," रुपा म्हणाली.

"गेल्या वरीसमा नवरानी तुले मारं का?"

"हा."

"एकदाव का मुकला दाव?" टॅबच्या भाषेत, एकदा की अनेकदा.

"मुकला दाव."

ललित उभा राहिला. "फुई, हाई काय लायं तू?"

"बठ," सरलाबाई म्हणाली. तिचा आवाज प्रथमच लहान झाला होता. ललित बसला.

"काही लागनं का? दवाखानामा जानं पडनं का?"

"मनगट मोडनं. पायरीवरथीन पडनू अशी सांगं डॉक्टरले."

ललित बहिणीच्या मनगटाकडे बघू लागला. हात मोडल्याचं त्याला ठाऊक होतं, पायरीचंही ठाऊक होतं. बाहेर रोशनी झोक्यावर ओरडत होती, अजून वर, अजून वर. सरलाबाई विचारत गेली, टॅब नव्हता, पण प्रश्न पाठ होते. धाब्यावर राहून गेलेल्या प्रश्नापाशी ती आली.

"हाई कोनले सांगं व्हतं का तू?"

रुपाने मनगटावरची बांगडी फिरवली.

"कोनलेच नई?"

"मायले," रुपा म्हणाली.

मोतीबाई चुलीशी पाठमोरी होती. ती वळली नाही. तशीच पाठमोरी बोलू लागली. ललितचं लग्न ठरलेलं होतं त्या वर्षी. रुपा आखाजीला आली आणि परत जायला तयार होईना. घरात लेक येऊन बसली तर मुलाची सोयरीक मोडेल म्हणून मोतीबाईनेच तिला हाताला धरून बसमध्ये बसवलं.

"रडत गयी," मोतीबाई म्हणाली. "मंग मीच ललितले सांगं, मुराई धाडू नको. ती उनी की परत धाडनी पडस. मनाघाई ते पुन्हा व्हनार नव्हतं." पुढे ती म्हणाली, "जावाईनं नाव पुढे करं, बस."

 दोन महिने सरलाबाई एका राक्षसाच्या आणि एका नियमाच्या मध्ये अडकल्यासारखी तळमळत होती. रुपाचं दार मात्र इथून बंद झालं होतं, आमोडीतून, जिथलं नाव सांगून ती साऱ्या जिल्ह्याची दारं उघडत होती. तिला मोतीबाईचा राग आला, आणि त्याच वेळी ती पाठमोरी बाई एवढीशी झालेली दिसली म्हणून गलबलूनही आलं. पुढचा प्रश्न होता, सांगितल्यावर कुणी मदत केली का. तो विचारायचा तिला धीर झाला नाही.

ललितचा मोबाइल वाजला. दाजी. तो नुसता बघत राहिला. मोतीबाई उठली, पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि त्याच्या हातून फोन घेतला.

"जावाई, मी मोतीबाई बोलस. रुपा आठेच ऱ्हाई." पलीकडून बराच वेळ गोड बोलणं चाललं असावं.  "मी सांगसू तवलोंग," मी सांगेन तोवर, एवढंच ती म्हणाली, आणि फोन कसा बंद करतात ते न कळून ललितकडे दिला.

सरलाबाईने घडलेलं सगळं मॅडमला जाऊन सांगितलं. मॅडम रागावली नाही, ते जास्त लागलं. तिने रुपाला वकील मिळवून दिला, आणि सरलाबाईचं नाव कामावरून काढलं. दोन्ही गोष्टी तिने एकाच दिवशी केल्या. हेमकांतने इकडे लोहारटेकच्या चौकात सांगितलंच होतं, की आरोग्याच्या नावाखाली बाया घरं फोडायला येतात. शहाद्याच्या स्टँडवर सरलाबाईला लोहारटेकची प्रमिलाबाई दिसली. ती धाब्यावर सगळं बोलली होती, दंडावरचा वळ दाखवला होता. सरलाबाईने हाक मारली. प्रमिलाबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पदर ओढला आणि गर्दीत सरकली.

रुपा आमोडीलाच आहे. रोशनी तिथल्या अंगणवाडीत जाते. ललितची बायको कुरकुरते आणि मोतीबाई ते ऐकून घेते.

पावसाळ्यानंतर अभ्यासाची दुसरी फेरी झाली. लोहारटेक सोनमच्या वाट्याला आलं. सगळी घरं करून ती परतताना सरलाबाईकडे आली, चपला न काढता ओट्यावरच बसली. शिवाजीराव चहा घेऊन आले. सोनमने कप हातात धरला, प्यायली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "सगळ्या बायांनी नईच सांगं. लोहारटेकमा आते कोनीच कोनले मारत नई."

 सरलाबाईने हातातला कप खाली ठेवला आणि शिवाजीरावांना आत जायला सांगितलं, ओट्यावर दोघीच उरतील एवढ्यासाठी.